फोर्टात माणसं फिरवायची आहेत, पण…

सप्रेम नमस्कार,

मी डोंबिवलीला राहते. फोर्टातल्या एका बँकेत तीसेक वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला बाहेर पडायचे, त्यातून तिथल्या इमारतींचा नाद लागला. वाचत गेले, वह्या भरल्या. मागच्या हिवाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यातल्या मंडळींना सीएसएमटीपासून मरीन ड्राइव्हपर्यंत फिरवून आणलं. ते ऐकून आता एक गृहसंकुल आणि एक शाळा (शिक्षकांसाठी) विचारतायत. पंचवीसेक माणसं येतील म्हणतात, पैसेही देऊ म्हणतात.

पण धाकधूक आहे. मी ना वास्तुविशारद, ना इतिहासाची पदवीधर. भाचा आर्किटेक्चर करतोय, तो सगळ्यांसमोर माझे शब्द दुरुस्त करत होता. तासाभरानंतर लोक चहा कुठे मिळेल ते विचारायला लागले. आणि राजाबाई टॉवरखाली एका गृहस्थांनी विचारलं, "इंग्रजांनी बांधलं, शेठियांनी पैसे दिले. यात आपलं काय?" मला काही सुचलं नाही. मी पुढच्या इमारतीकडे वळले. काय चुकतंय? परवाना लागतो का, पैसे किती घ्यावेत, आणि नणंद फुकट यायचं म्हणते तिचं काय करावं, तेही सांगा.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

*

ताई, नमस्कार.

त्या गृहस्थांचा फोन नंबर असेल तर जपून ठेवा. तुमच्या सगळ्या वह्यांमध्ये मिळून नाही ते त्यांनी एका वाक्यात दिलंय. फेरफटक्याला एक प्रश्न लागतो. तो नसला की इमारतींची हजेरी होते: ही अमुक साली, ही तमुक शैलीत, चला पुढे. मग तासाभरानं चहाची आठवण येणारच. पाय दुखतात म्हणून माणसं कंटाळतात असं नाही. आपण कशाच्या मागावर आहोत ते कळेनासं झालं की पाय दुखायला लागतात.

तेव्हा "यात आपलं काय?" हाच तुमचा फेरफटका. त्याचं उत्तर भाषणात देऊ नका, रस्त्यावर चालत द्या.

आधी मार्गाला कात्री लावते, रागावू नका. सीएसएमटी काढून टाका. मोठी इमारत आहे, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, सगळं मान्य. पण ती स्वतःच अर्धा दिवस खाते आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध लांबचा. काळा घोडाही काढा. तुमच्यासाठी एकच रस्ता पुरेसा आहे: हुतात्मा चौकातून निघणारा आणि चर्चगेटवरून थेट समुद्राला भिडणारा वीर नरिमन रोड. अंतर साधारण एक किलोमीटर, मध्ये ओव्हलचा एक वळसा. अडीच तासांत आरामात होतं आणि साठीच्या पुढच्या मंडळींना झेपतं.

सुरुवात हुतात्मा चौकात. डोंबिवलीची माणसं फ्लोराच्या कारंज्यापाशी उभी केलीत की प्रस्तावनेची गरजच नाही. कारंजं 1864 चं, त्यावर रोमन देवता. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. 21 नोव्हेंबर 1955 ला इथे गोळीबार झाला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं आणि 1961 मध्ये हे स्मारक उभं राहिलं. एकाच चौकात शंभर वर्षांच्या अंतरानं दोन वेगळ्या लोकांनी आपापल्या खुणा रोवल्या. दोन्ही एका नजरेत दिसतील असं उभं राहा आणि थोडा वेळ काही बोलू नका. कुणीतरी स्वतःहून म्हणेलच, "आमचे वडील होते मोर्चात." बोलू द्या. फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवा, नाहीतर संयुक्त महाराष्ट्राचा अख्खा लढा तिथेच उरकेल आणि ऊन वर येईल.

एक सावधगिरी. हुतात्म्यांचा आकडा 105, 106 आणि 107 असा तीन प्रकारे छापलेला आढळतो. कुणीतरी हमखास टोकणार. तीन आकडे आहेत हे तुम्हीच आधी सांगून टाका. यानं तुमची पत वाढते. सगळं माहीत असल्याचा आव आणणारा गाइड पहिल्या दुरुस्तीलाच कोसळतो.

तिथून ओव्हल. इथे माझ्या मते तुम्ही गेल्या वेळी घाई केलीत. या मैदानात मध्यावर उभं राहिलं की पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि पश्चिमेला तीसच्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, फिकट रंगांच्या निवासी इमारती. 2018 मध्ये युनेस्कोनं या दोन्ही रांगांना मिळून मान्यता दिली, एकीला नव्हे. आणि हे मैदान उकिरडा झालं होतं, तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांनी भांडून ते सोडवलं, तेही सांगा. वारसा म्हणजे सरकारी पाटी असं लोकांना वाटत असतं.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाची सुरुवात. राजाबाई टॉवरचा आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, आणि या साहेबानं मुंबई कधी पाहिलीसुद्धा नाही. पैसे प्रेमचंद रायचंदांचे, 1864 मधले 4 लाख रुपये, टॉवरला नाव त्यांच्या आईचं. पैसा आला कापसातून. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर आल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. इथवर गृहस्थ बरोबर आहेत: साहेबाचं डिझाइन, शेठजींचा पैसा. मग दुर्बीण काढा. हो, एक साधी दुर्बीण घ्याच, माणसं लहान मुलांसारखी रांग लावतात. टॉवरवर उंचावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे 24 पुतळे आहेत. पगड्या बघायला सांगा. ते पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या असिस्टंट इंजिनियरनं. लंडनच्या कागदावर गॉथिक टॉवर होता, त्यावर आपली माणसं चढवली ती त्यांनी. हे सांगून थांबा. "म्हणजे यात आपलंही आहे बरं का" असं जोडू नका. ते लोकांना कळतं.

आणि कापूस सोडू नका, कारण तोच तुम्हाला समुद्रापर्यंत नेणार आहे. त्याच कापसाच्या पैशावर बॅकबेचा, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हकडचा, समुद्र भरून जमीन काढायची कंपनी निघाली, तिचे शेअर आकाशाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस पडला, शेअर पडले, प्रेमचंद रायचंदांसकट सगळे बुडाले. टॉवर मात्र राहिला आणि 1878 मध्ये पूर्ण झाला. भरावाची जी चिंचोळी पट्टी हाती लागली, तिच्यावरून रेल्वे कुलाब्याला गेली. लोकांना पश्चिमेकडे तोंड करायला लावा आणि सांगा की समोरच्या इमारती विसरा. चर्चगेटच्या पुढे रेल्वे होती, रुळांच्या पलीकडे समुद्र. कुलाब्याची गाडी 1930 च्या अखेरीस बंद झाली, त्यानंतर ही पश्चिमेची रांग उभी राहिली. इथे एक जुना नकाशा मोठा करून, लॅमिनेट करून हातात ठेवा. मोबाइलवर दाखवू नका. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि पंचवीस डोकी एका फोनवर वाकली की मागच्या दहा जणांच्या गप्पा सुरू होतात.

आता तुम्ही वास्तुविशारद नसल्याबद्दल. मला विचाराल तर हा फायदा आहे. शैलींची नावं सांगितली की ऐकणारा मान डोलावतो आणि बघायचं थांबवतो. त्यापेक्षा बोट दाखवा. पूर्वेकडच्या इमारतींच्या खिडक्यांच्या कडा बघायला सांगा: भिंत हातभर जाड, कारण सगळा भार दगडाच्या भिंतीवर आहे. खिडकी फार रुंद केली तर वरचं सगळं खाली येईल, म्हणून कमानी. मग पश्चिमेला वळा. तिथे खिडकी थेट इमारतीच्या कोपऱ्यात आहे. कोपऱ्यातच खिडकी? मग छप्पर कशावर उभंय? हा प्रश्न विचारून त्यांच्याकडे बघत राहा. कुणीतरी म्हणेल, "कॉलम-बीम!" झालं. आरसीसी आलं तशी भिंत पडद्याइतकी हलकी झाली, बाल्कन्या हवेत पुढे आल्या, कोपरे गोल झाले. एवढं स्वतःच्या डोळ्यांनी पटलं तर आर्ट डेको हा शब्द सांगितला काय आणि न सांगितला काय.

मग बारीकसारीक. खिडक्यांवरचे सलग, पापण्यांसारखे छज्जे मुंबईच्या उन्हापावसासाठी. जहाजाला असतात तशा गोल खिडक्या आणि डेकच्या कठड्यासारखे पाइप, कारण त्या काळात बोट म्हणजे वेगाचं आणि श्रीमंतीचं टोक. लोखंडी ग्रिलमधले सूर्यकिरण. आणि नावं बघा, कशी ठसठशीत अक्षरांत कोरलीयत: एम्प्रेस कोर्ट, रजब महाल, शिव शांती भुवन. एका रांगेत राणी आणि शंकर. ही माझी आवडती जागा आहे, इथे मी स्वतः फार वेळ घालवते, तुम्ही घालवू नका.

एम्प्रेस कोर्टपाशी मात्र थांबा. ती जी. बी. म्हात्रे यांची. त्याच्या साठेक वर्षं आधी समोरच्या बाजूला आराखडा विलायतेहून येत होता, इकडे म्हात्र्यांसारखे इथलेच वास्तुविशारद कामाला लागले होते. मास्टर, साठे आणि भुता अशी एक फर्म होती, तिची न्यू इंडिया अ‍ॅशुरन्सची 1936 ची इमारत फोर्टात आहे. तुमच्या बँकेत जाता-येता हजारदा पाहिली असेल. त्या इमारतीच्या दर्शनी भागावर शेतकरी-कारागिरांच्या उंच आकृती आहेत, त्या ना. ग. पानसरे यांच्या. ती तुमच्या वाटेवर नाही, पण एखाद्या चिकित्सक गटाला नंतर पाठवून द्यायला चांगली.

भाच्याचं काय करायचं ते इथेच सांगते. त्याला सोबत घ्या आणि काम द्या. कोपऱ्यातली खिडकी आणि आरसीसी हा भाग त्याला बोलू द्या, चार मिनिटं, घड्याळ लावून. एकदा माणूस समोर उभा राहून बोलला की दुसऱ्याचे शब्द दुरुस्त करायची खाज आपोआप जाते. शिवाय शिक्षकांच्या गटासमोर तरुण मुलगा उभा असला की ते त्यालाच प्रश्न विचारत बसतात, तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

सुंदर इमारतींच्या रांगेत एक अवघड गोष्ट सांगायची विसरू नका. लोकांना विचारा, "बाल्कन्या कुठे गेल्या?" बऱ्याच ठिकाणी काचा लावून बंद केल्यात, एसीची खोकी टांगलीत, कुठे गिलावा सुटलाय. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी जिथल्या तिथे गोठली, पागडी आली, आणि मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. भाडेकरूला घर सोडायचं नाही, मालकाला पैसे घालायचे नाहीत. डोंबिवलीकरांपैकी निम्म्यांचं बालपण अशाच पागडीच्या खोलीत गेलेलं असतं. पुढचं तेच सांगतील. तुम्ही नुसतं आता रांगेकडे पुन्हा बघा म्हणायचं.

इरॉसपाशी वळताना समोरची पश्चिम रेल्वेची कचेरी दाखवा. 1899 ची, स्टीव्हन्सची, ज्यानं सीएसएमटी बांधलं. माथ्यावरच्या पुतळ्याच्या हातात आगगाडीचं इंजिन आहे. दुर्बीण परत काढा. मग मागे वळून 1938 चं इरॉस: लाल दगड, पांढुरका रंग, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा कळस. एका चौकात एका बाजूला दगडी घुमट आणि दुसऱ्या बाजूला सिनेमा थिएटर. दोन वाक्यांत उरका. चर्चगेटला रविवारीसुद्धा फूटपाथवर उभं राहून व्याख्यान देता येत नाही, आणि स्वच्छतागृहाची वेळही हीच. स्टेशनात सोय आहे, दहा मिनिटं द्या. ज्येष्ठांच्या फेरफटक्यात हा सगळ्यात महत्त्वाचा थांबा. तो कुठे आहे हे निघतानाच सांगितलंत तर पहिला तास लोक निर्धास्त ऐकतात.

आता रस्त्याचं नाव. इथवर लोक वीर नरिमन रोडवरून चालत आले, पण हा नरिमन कोण ते बहुतेकांना सांगता येत नाही. समुद्राकडे तोंड करून गोष्ट सुरू करा. 1865 ला बुडालेली बॅकबेची कल्पना 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडनं पुन्हा काढली. त्यासाठी डेव्हलपमेंट डायरेक्टरेट नावाचं खातं उघडलं. खर्चाचे अंदाज फसले, गाळ टिकेना, वेळ वाढत गेला. मुंबईकरांनी त्याला लॉइडचा वेडेपणा म्हणायला सुरुवात केली. खुर्शेद नरिमन या वकिलानं या कामातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला, त्यावरून त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, त्यातून तो सुटला. शेवटी ठरलेल्या जमिनीच्या निम्म्याहूनही कमी जमीन निघाली. ती म्हणजे आपण उभे आहोत ती. आणि पुढे आणखी समुद्र भरला, त्या टोकाला नाव दिलं कोणाचं? भरावाचं बिंग फोडणाऱ्याचं. नरिमन पॉइंट. या जागी लोक हसतातच. हसू द्या, कारण पुढचं ऐकताना हसू येणार नाही.

त्याच खात्याकडे, त्याच वर्षांत, आणखी एक काम होतं: गिरणी कामगारांसाठी घरं. बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टरेट, म्हणजे बीडीडी. इथे तुमच्या गटात कुणीतरी दचकून बघेल. हो, त्याच बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी, प्रत्येकीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. बेत 50,000 खोल्यांचा होता, तिसरा हिस्साच झाल्या. पैशासाठी कर बसवला तो कापसाच्या गाठींवर. पुन्हा कापूस! एकाच गव्हर्नरच्या एकाच खात्यानं इकडे समुद्र भरला, जिथे तीसच्या दशकात मरीन ड्राइव्हचे फ्लॅट झाले, आणि तिकडे कामगारांच्या खोल्या बांधल्या. दोन्हीकडे काँक्रीटच. सुरुवातीला कामगार त्या कोंदट चाळींत जायला तयार नव्हते. 1930 च्या सत्याग्रहाच्या दिवसांत वरळीतल्या काही चाळींचा तर तुरुंग केला होता. पुढे याच चाळींतून गिरणगाव उभं राहिलं, आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात ते मोडलं, हे तुमच्या पिढीला मी काय सांगणार.

हे मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून सांगा. सोना महालाकडे पाठ करून नव्हे, तोंड करून. ती 1937 ची, पुन्हा म्हात्र्यांचीच. माणसं बसलेली असतात, वारा असतो, समोर ती देखणी रांग असते आणि कानावर 160 चौरस फूट पडत असतात. माझी खात्री आहे की तिथे "यात आपलं काय?" असं कुणी विचारणार नाही. विचारलंच तर विचारणाऱ्याचं बालपण कुठल्या चाळीत गेलं ते त्यालाच विचारा.

दुसरा फेरफटका काढायचा झाला तर तो नायगाव किंवा वरळीचा काढा, आणि लवकर काढा. चाळी पाडून टॉवर उठतायत, वरळीत काही कुटुंबं नव्या घरांत राहायलाही गेली. पण तिथे लोक राहतात. पंचवीस जणांची वरात घेऊन दुसऱ्याच्या दारातून जायचं नाही. चाळीतल्याच एखाद्या जाणत्याला बोलायला बोलवा आणि त्याला मानधन द्या. ओव्हलवरही हाच नियम: सोसायटीच्या परवानगीशिवाय गेटच्या आत पाऊल नको, वॉचमनला आधी भेटून या, आणि खिडक्यांत कॅमेरे रोखू देऊ नका.

काय सांगायचं नाही, यावर थोडं. ताजमहाल हॉटेलची गोष्ट तुमच्या वहीत असणारच: आराखडा उलटा बांधला गेला, परत आलेल्या गोऱ्या वास्तुविशारदानं ते पाहून आत्महत्या केली. ती खोटी आहे. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं व्हायच्या आधीच वैद्य वारले, डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरनं ते तडीस नेलं आणि 1903 मध्ये हॉटेल उघडलं. मला त्या दंतकथेचा राग येतो तो एवढ्यासाठी की तिनं एका मराठी माणसाचं नाव पुसून तिथे एक काल्पनिक साहेब उभा केला. कुणी ती गोष्ट काढलीच तर वैद्यांचं नाव सांगा आणि पुढे चला. तसंच "आर्ट डेको इमारतींत मायामीनंतर जगात दुसरा क्रमांक मुंबईचा" हे वाक्य. कोणी मोजलं, कसं मोजलं, हे विचारल्यावर सांगता येणार नसेल तर बोलू नका. इमारती क्रमांकाशिवायही उभ्या आहेत.

आणि वही घरी ठेवा. हातात वही असली की डोळे वहीत राहतात. एका थांब्याला एकच गोष्ट, फार तर दोन आकडे. उरलेलं पोटात असू द्या, प्रश्न आला की काढा. गटाच्या पाठीवर ऊन येईल असे उभे करा, तुमच्या डोळ्यांवर आलं तरी चालेल. सकाळी साडेसातला सुरू करा. पंचवीस जण एकदम नकोत, अठराच्या वर आवाज पोचत नाही. शाळेत बाई कमरेला लावतात तसला छोटा माइक घ्या, पण आवाज गटापुरताच. रविवारी ओव्हलवर एका वेळी डझनभर क्रिकेटचे सामने चालतात, तेव्हा मैदानातून नेताना कडेकडेनं न्या. लेदरच्या चेंडूला इतिहासाची कदर नसते.

परवाना: भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्मारकांत मार्गदर्शन करायला परवाना लागतो. तुमच्या रस्त्यावर तसं स्मारक नाही. कुठल्याही इमारतीच्या आत न्यायचं असेल तर त्या त्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, हायकोर्टाच्या आवारात तर न विचारता पाऊलही टाकू नका. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो जमला तर करा. प्रमाणपत्रापेक्षा त्यातला आणीबाणीत काय करायचं हा भाग उपयोगी पडतो. पाण्याच्या बाटल्या, साखर, एक प्रथमोपचाराची पिशवी, आणि प्रत्येकाच्या घरच्यांचा नंबर. हे तुमच्या वयाच्या गटात ऐच्छिक नाही.

पैसे घ्या. माणशी 300 ते 500 हा मला योग्य आकडा वाटतो, शाळेला एकगठ्ठा सांगा. फुकट फेरफटक्याला निम्मे लोक ऐनवेळी येत नाहीत आणि आलेले उशिरा येतात. आगाऊ घ्या, म्हणजे हजेरी पक्की. बँकेत आयुष्य काढलंय तुम्ही, पावती कशी द्यायची ते मी शिकवायला नको.

नणंदेला फुकट नेऊ नका, कामाला लावा. प्रत्येक गटाला एक शेवटचा माणूस लागतो, जो सगळ्यांच्या मागे चालतो, रस्ता ओलांडताना कुणी राहिलं का बघतो आणि फोटो काढत रेंगाळणाऱ्यांना पुढे हाकतो. पुढे तुम्ही, मागे नणंद. त्यांच्या आवाजाबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे.

पावसाळ्यात घेऊ नका, दिवाळीनंतर सुरू करा. 21 नोव्हेंबरला आणि 1 मे ला सकाळी हुतात्मा चौकात अभिवादनाची गर्दी आणि बंदोबस्त असतो, त्या तारखा टाळा. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचा रविवार कुठला ते आधीच बघून ठेवा. त्या दिवशी मरीन ड्राइव्ह धावणाऱ्यांचा असतो आणि तुमच्या मंडळींना रस्ता ओलांडून कट्ट्यापर्यंत पोचताच येणार नाही.